कालव्याच्या जुन्या कागदपत्रांचा माग : शहापूर आणि मुरबाडच्या गावांसाठी

तानसा धरणाचे पाणी १८९२ मध्ये मुंबईस पोहोचले तेव्हापासून शहापूर तालुक्याच्या, आणि पुढे मुरबाड तालुक्याच्याही, भूमीवर धरणे, कालवे, बांधीव नळमार्ग, पाझर तलाव व लहानमोठे बंधारे उभे राहत आले. परंतु या बांधकामांची कागदपत्रे, ज्या गावांच्या जमिनीवर ती उभी राहिली त्या गावांपाशी, अगदीच थोडी उरली आहेत. ज्या कुटुंबाची जमीन गेली त्याच्या ट्रंकेत एखादी पिवळी पडलेली नोटीस सापडते, ग्रामपंचायतीच्या कपाटात एखादा ठराव असतो, आणि बाकीचा सारा दस्तऐवज ठाणे, भिवंडी, कल्याण, मुंबई व नाशिक येथील निरनिराळ्या कार्यालयांत विखुरलेला असतो. हा विखुरलेला दस्तऐवज शोधून त्याचा माग गावपातळीवर कसा ठेवावा, याचे मार्गदर्शन येथे केले आहे. ते शेतकऱ्यांसाठी, ग्रामपंचायतींसाठी, पाणी वापर संस्थांसाठी आणि स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांसाठी आहे.

अशी नोंद ठेवण्याची गरज केवळ इतिहासाच्या आवडीतून निर्माण होत नाही. कालव्यासाठी संपादित झालेल्या जमिनीचा फेरफार वेळीच झाला नाही, तर सातबारावर जुन्या खातेदाराचेच नाव राहते, त्या उताऱ्याच्या आधारे जमीन विकली जाते, आणि वाद उभा राहतो तेव्हा कालव्याची हद्द नेमकी कोठे होती हे दाखविणारा कागद कोणापाशीच नसतो. शहापूर व भिवंडी तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गासारख्या नव्या प्रकल्पासाठी मोजणी होते, तेव्हाही कालव्याची जमीन कोणती आणि खाजगी कोणती हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. शिवाय बांधकामाच्या काळात सहज म्हणून ठेवलेल्या नोंदी पुढे अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडतात. १९८३ मध्ये भातसा जलाशय भरत असताना खर्डीच्या परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि त्या सप्टेंबरमध्ये सुमारे ४.९ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला, तेव्हा जलाशयाची पाणीपातळी आणि धक्के यांचा संबंध तपासण्यासाठी शास्त्रज्ञांना आधार लागला तो पातळीच्या नोंदींचाच.

या कामात बहुतेकांची अडचण एकाच ठिकाणी होते. कागद कार्यालयांनुसार जमा केले जातात, म्हणजे तहसीलचे एका फायलीत, पाटबंधारे विभागाचे दुसऱ्या फायलीत, भूमी अभिलेखचे तिसऱ्या फायलीत, आणि त्यामुळे एकाच जागेविषयीचे तीन कागद कधी एकमेकांशेजारी येत नाहीत. गावच्या दृष्टीने नोंद ठेवायची ती जागेनुसार ठेवली पाहिजे. कालव्याचा अमुक किलोमीटर, त्याखालील अमुक सर्व्हे क्रमांक आणि त्या क्रमांकाचा अमुक निवाडा, असे तीन आकडे एका ओळीत आले म्हणजे उरलेले कागद त्या ओळीला आपोआप जोडले जातात. पुढील सर्व सूचना याच एका तत्त्वावर आधारलेल्या आहेत.

आधी बांधकाम कोणाचे ते ठरवावे

कोकणात इंग्रजी राजवटीत मोठे सरकारी कालवे निघाले नाहीत. मुंबई पाटबंधारे अधिनियम १८७९ मध्ये झाला तरी त्याचा वापर मुख्यतः मुठा, नीरा, प्रवरा, गोदावरी अशा देशावरील कालव्यांवर झाला, कारण ती कामे दुष्काळी मुलखाला आधार देण्यासाठी होती आणि भरपूर पावसाच्या ठाणे जिल्ह्याला तशी निकड सरकारला वाटत नव्हती. त्यामुळे शहापूर किंवा मुरबाडच्या कालव्यांचा शोध एकोणिसाव्या शतकातील पाटबंधारे खात्याच्या दप्तरात घेणे बहुधा व्यर्थ ठरते. त्या काळातील या भागाचे सर्वांत मोठे जलबांधकाम म्हणजे तानसा, आणि ते सरकारी पाटबंधाऱ्याचे नव्हते, मुंबईच्या नगरपालिकेचे होते. त्याचे पाणी दगडी बांधीव मार्ग व लोखंडी नळ यांच्या मालिकेतून शहराकडे नेले गेले. म्हणून तानसाच्या नळमार्गाखाली गेलेल्या जमिनीविषयी चौकशी करावयाची तर ती बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या जल अभियंता खात्याकडे करावी लागते, आणि जमीन संपादनाचा भाग जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जुन्या दप्तरात शोधावा लागतो.

भातसा प्रकल्पाची गोष्ट निराळी आहे. हे धरण राज्य शासनाच्या पाटबंधारे विभागाचे, म्हणजे आजच्या जलसंपदा विभागाचे. १९९७ च्या अधिनियमानुसार कोकण पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर कोकणातील असे प्रकल्प या महामंडळाच्या कक्षेत आले, आणि महामंडळाचे मुख्यालय ठाण्यात आहे. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. भातसाच्या पाण्यातील मुंबईचा वाटा कालव्यातून जात नाही. तो नदीत सोडला जातो, भिवंडी तालुक्यातील पिसे येथील बंधाऱ्यावर उचलला जातो आणि पांजरापूर येथे शुद्ध केला जातो. उजवा तीर कालवा मात्र शहापूर व भिवंडी तालुक्यांतील शेतीसाठी आहे. त्यामुळे नदीकाठच्या गावाचा प्रश्न आणि कालव्याकाठच्या गावाचा प्रश्न यांची कागदपत्रे मुळातच वेगळ्या फायलींत असतात, आणि अर्ज करताना हा भेद ध्यानात ठेवला नाही तर दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवतात.

मुरबाड तालुक्यातील बारवी धरण हे तिसऱ्याच संस्थेचे, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे आहे. त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढविली गेल्यामुळे त्याची संपादनाची कागदपत्रेही एका काळातील नाहीत, आणि प्रत्येक टप्प्याची फाईल स्वतंत्रपणे मागावी लागते. याशिवाय डोळखांब, आदिवली, जांभुर्डे यांसारख्या लघुपाटबंधारे योजना आहेत. लघुपाटबंधारे म्हणजे ज्यांचे लागवडीयोग्य लाभक्षेत्र, म्हणजे पाणी पोहोचू शकेल असे शेतीक्षेत्र, २,००० हेक्टरपेक्षा कमी आहे अशी कामे. त्यांतही अगदी लहान कामे जिल्हा परिषदेकडे, त्यांहून मोठी जलसंधारण खात्याकडे आणि आणखी मोठी जलसंपदा विभागाकडे, अशी विभागणी राहिली आहे व तिच्या मर्यादा वेळोवेळी बदलल्या आहेत. पाझर तलावांची कामे पुष्कळदा रोजगार हमी योजनेतून झाली, त्यामुळे त्यांचे हजेरीपट, म्हणजे मजुरांच्या रोजच्या उपस्थितीचे तक्ते, हेही बांधकामाचे अस्सल साधन आहे. तलाव कोणत्या महिन्यात खणला गेला आणि कोणत्या वाडीतील माणसे कामावर होती हे दुसऱ्या कोणत्याही कागदातून इतके स्पष्ट कळत नाही.

कालव्याची स्वतःची कागदपत्रे

कालव्यावरील प्रत्येक जागा शीर्षस्थानापासूनच्या अंतराने ओळखली जाते. या अंतराला साखळी क्रमांक म्हणतात आणि तो किलोमीटर व मीटर यांत लिहिला जातो. ज्या ठिकाणी धरणातून कालव्यात पाणी सोडणारा शीर्ष विमोचक असतो तेथे शून्य धरून पुढे मोजणी होते. मोरी, जलसेतू (ओढ्यावरून कालवा नेणारे बांधकाम), सायफन, पूल, वितरिकेचा फाटा आणि जादा पाणी सोडून देणारा सांडवा या प्रत्येकाचा साखळी क्रमांक ठरलेला असतो व तो बहुधा कालव्याच्या काठावरील दगडांवर रंगविलेला असतो. नोंद ठेवणाऱ्याने पहिले काम म्हणून आपल्या गावच्या शिवेत कालवा कोठे शिरतो आणि कोठे बाहेर पडतो, ती दोन टोके या क्रमांकांत लिहून घ्यावीत. हे काम कार्यालयात न जाता होते, आणि ते झाल्याशिवाय कार्यालयात जाण्यात फारसा अर्थ नसतो.

यानंतर जे कागद मागायचे त्यांत सर्वांत उपयुक्त म्हणजे लांबछेद आणि काटछेद. लांबछेदात कालव्याच्या लांबीवर जमिनीची मूळ पातळी, कालव्याच्या तळाची पातळी व पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी या तीन रेषा दाखविलेल्या असतात. काटछेदात एका ठराविक जागी कालवा आडवा कापून पाहिला असता दिसणारी रुंदी, बाजूंचा उतार, भराव किंवा खोदाई आणि काठावरील सेवापथ दिसतो. कालव्यासाठी जमीन किती रुंदीची घेतली होती हे काटछेदावरून कळते, आणि हद्दीच्या वादात तोच निर्णायक ठरू शकतो. मात्र एक दक्षता घ्यावी. मंजूर नकाशा आणि पूर्णत्व नकाशा हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला काम सुरू होण्यापूर्वीचा, दुसरा प्रत्यक्षात जसे काम झाले तसे दाखविणारा. डोंगरउताराच्या या भागात खडक लागला, ओढा सरकला किंवा वनजमीन आडवी आली म्हणून आखणी बदलणे नवलाचे नाही, आणि अशा वेळी मंजूर नकाशावर विसंबून काढलेली हद्द चुकते. पूर्णत्व नकाशा मिळत नसेल तर मोजमाप पुस्तिका मागावी. मोजमाप पुस्तिका म्हणजे कनिष्ठ अभियंत्याने प्रत्यक्ष जागेवर घेतलेल्या मापांची क्रमांकित वही. ठेकेदाराचे देयक तिच्या आधारे निघत असल्याने तिच्यातील प्रत्येक माप कोणत्या साखळी क्रमांकावर, कोणत्या दिवशी घेतले हे लिहिलेले असते.

प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, करारनामा आणि सुधारित प्रशासकीय मान्यता हे कागद खर्चाचा व निर्णयाचा इतिहास सांगतात. प्रकल्पाचा खर्च का वाढला हा प्रश्न ज्यांना अभ्यासायचा आहे त्यांना ते अनिवार्य आहेत. परंतु एका गावच्या नोंदीसाठी त्यांचे केवळ क्रमांक व दिनांक लिहून ठेवले तरी पुरते. संकल्पचित्रांसाठी, म्हणजे बांधकामाच्या अभियांत्रिकी आराखड्यांसाठी, नाशिक येथील मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना हे आणखी एक ठिकाण आहे, कारण मोठ्या धरणांच्या बांधकामांची संकल्पचित्रे तेथे तयार होत आली आहेत.

मापांच्या एककांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. तानसाच्या काळातील कागदांत फूट, मैल व गॅलन आहेत. मेट्रिक पद्धती देशात १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, आणि संक्रमणाच्या वर्षांतील कागदांत दोन्ही पद्धती मिसळलेल्या दिसतात. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, आणि ते सुमारे ३५.३ क्युसेक होतात. जमीनमोजणीतील साखळी ३३ फुटांची असते, ३३ फूट लांब व तेवढेच रुंद क्षेत्र म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. कालव्याच्या साखळी क्रमांकाशी या साखळीचा काही संबंध नाही, तरी दोन्ही शब्द एकाच फायलीत येत असल्याने घोटाळा होण्याचा संभव राहतो. मूळ आकडा ज्या एककात असेल त्याच एककात उतरवून घ्यावा आणि रूपांतरित आकडा त्याच्या शेजारी वेगळ्या रकान्यात लिहावा. मूळ आकडा पुसून रूपांतर लिहिण्याची सवय फार नुकसान करते.

जमिनीचे कागद

बहुतेक गावांना खरी गरज लागते ती या वर्गाची, आणि गुंतागुंतही यातच सर्वांत अधिक आहे. भातसा आणि त्या काळातील लघुपाटबंधारे योजनांसाठी जमीन घेतली गेली ती भूमिसंपादन अधिनियम १८९४ खाली. या कायद्याची प्रक्रिया ओळीने चालते: कलम ४ ची प्राथमिक अधिसूचना, कलम ६ ची जाहीर घोषणा, कलम ९ ची हितसंबंधितांना नोटीस, कलम ११ चा निवाडा, आणि त्यानंतर ताबा. अधिसूचना राजपत्राच्या विभागीय पुरवणीत छापल्या गेल्या असल्यामुळे फाईल गहाळ झाली तरी छापील अधिसूचना ग्रंथालयात सापडू शकते, आणि तिच्यातील सर्व्हे क्रमांक व क्षेत्र यांची यादी हा शोधाचा पहिला भरवशाचा आधार ठरतो.

निवाडा हा या मालिकेतील सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. त्यात प्रत्येक सर्व्हे व हिस्सा क्रमांकाचे संपादित क्षेत्र, आकार म्हणजे सारा, खातेदाराचे नाव, इतर हितसंबंधी, जमिनीची प्रत, झाडे, विहिरी, घरे आणि प्रत्येकाची भरपाई दिलेली असते. ठाणे जिल्ह्यात भातजमीन आणि वरकस यांचे दर निराळे लावले जात. वरकस म्हणजे माळाची व उताराची जमीन, जिच्यावर गवत व राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा पेरणीपूर्वी भाजण्यासाठी, पालापाचोळा मिळतो आणि नाचणी, वरीसारखी पिके घेतली जातात. कागदावर ती हलक्या प्रतीची असली तरी भातशेतीचा राब तिच्यावाचून होत नसल्यामुळे कुटुंबाच्या दृष्टीने तिचे मोल मोठे असते, आणि निवाड्यातील प्रत व भरपाई यांचा अभ्यास करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. निवाड्याच्या काळाविषयी एक खूण अशी की मूळ कायद्यात बाजारभावावर १५ टक्के दिलासा रक्कम मिळे आणि १९८४ च्या दुरुस्तीने ती ३० टक्के झाली. म्हणून तारखेचा भाग फाटलेला असेल तर टक्केवारीवरून निवाडा दुरुस्तीपूर्वीचा की नंतरचा याचा अंदाज बांधता येतो.

नावांच्या रकान्याकडे विशेष काळजीने पाहावे. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ प्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला व त्या दिवशी कुळे जमिनीची मालक मानली गेली. परंतु खरेदीची किंमत ठरून कलम ३२म चे प्रमाणपत्र हाती येण्यास अनेकांना वर्षे लागली. या मधल्या काळात झालेल्या संपादनात मूळ जमीनमालकाचे नाव खातेदार म्हणून आणि कसणाऱ्याचे नाव इतर हक्कांत आढळू शकते. एकसाली म्हणजे एका वर्षाच्या मुदतीने कसायला दिलेली सरकारी जमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबांची नावे तर पुष्कळदा कोठेच येत नाहीत. शहापूर हा संपूर्णपणे आणि मुरबाड अंशतः अनुसूचित क्षेत्रात असल्याने ही बाब गौण नाही. अशा कुटुंबांसाठी पीकपाहणीच्या नोंदी, म्हणजे सातबाऱ्यातील गाव नमुना बाराचा भाग, जुन्या दंडाच्या पावत्या आणि पंचनामे यांचाच आधार उरतो, आणि निवाड्यात नाव नाही म्हणून ते कुटुंब तेथे नव्हतेच असा निष्कर्ष कोणीही काढू नये.

निवाड्यानंतरची साखळी पूर्ण झाली की नाही हे तपासणे तितकेच आवश्यक आहे. ताबा पावती, म्हणजे जमीन प्रत्यक्ष कोणत्या दिवशी ताब्यात घेतली व कोणाला सोपविली याचा कागद. त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयाचे कमी-जास्त पत्रक, ज्यात मूळ क्रमांकातून किती क्षेत्र कमी होऊन शासनाकडे गेले हे दाखविलेले असते. त्यानंतर तलाठ्याकडील फेरफार, आणि शेवटी सुधारलेला सातबारा. या चारांपैकी एखादा दुवा तुटलेला असेल तर नेमका कोणता, हे नोंदवहीत स्पष्ट लिहावे. ताबा पावतीचे महत्त्व २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यानंतर अधिकच वाढले, कारण जुन्या कायद्याखालील संपादन रद्दबातल ठरते की नाही याचा विचार करताना प्रत्यक्ष ताबा आणि भरपाई या दोन बाबी पाहाव्या लागतात, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असा अर्थ लावला की ताबाही घेतला नाही व भरपाईही दिली नाही, अशा दोन्ही गोष्टी घडल्या असतील तरच संपादन व्यपगत होते.

सर्व्हे क्रमांक बदलणे ही शोधकर्त्याची सर्वांत मोठी अडचण असते. ज्या गावांत तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली योजना राबविली गेली, तेथे जुने सर्व्हे व हिस्सा क्रमांक जाऊन गट क्रमांक आले. निवाड्यात जुना क्रमांक असतो आणि आजच्या उताऱ्यावर नवा. या दोहोंना जोडणारा कागद म्हणजे एकत्रीकरण योजनेचा ९(३), ९(४) चा उतारा, आणि तो तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात मिळतो. एकत्रीकरण न झालेल्या गावांत क्रमांक तोच राहतो, पण हिस्से वाढतात. तेथे आकारफोड पत्रक व हिस्सा फॉर्म पाहावे लागतात. जुने-नवे क्रमांक जुळविण्याचे काम एकदाच, संपूर्ण गावासाठी आणि काळजीपूर्वक करून ठेवावे, कारण प्रत्येक कुटुंबाने ते स्वतंत्रपणे केले तर तीच चूक पुन्हा पुन्हा होत राहते.

मागणी कशी करावी

संपादनाचे दप्तर शोधताना प्रांत कार्यालयाची विभागणी माहीत असावी: शहापूर तालुका भिवंडी उपविभागात आणि मुरबाड तालुका कल्याण उपविभागात मोडतो. मोठ्या प्रकल्पांसाठी विशेष भूसंपादन अधिकारी नेमले जात, आणि ते कार्यालय बंद झाल्यावर त्याचे दप्तर दुसऱ्या कार्यालयाकडे किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षाकडे वर्ग होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा वाडा, जव्हार, मोखाडा हे तालुके तिकडे गेले. सीमेवरील योजनांचे कागद त्यासोबत गेले असण्याची शक्यता ध्यानात घ्यावी.

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खालील अर्ज हे सर्वांत उपयोगी साधन आहे, परंतु त्याचा परिणाम मागणीच्या शब्दांवर अवलंबून असतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयाचा व १५० शब्दांच्या आत असावा लागतो. ‘कालव्याची संपूर्ण माहिती द्यावी’ अशी मागणी केली तर माहिती विस्तृत असल्याचे उत्तर येते. त्याऐवजी ‘मौजे अमुक, तालुका शहापूर येथील भातसा उजवा तीर कालव्याच्या किमी अमुक ते अमुक या लांबीतील संपादित जमिनीचा निवाडा क्रमांक व दिनांक, ताबा पावती आणि संयुक्त मोजणी नकाशा यांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात’ असे लिहावे. त्याहूनही चांगली पद्धत अशी की पहिल्या अर्जात प्रत मागूच नये. अभिलेख कक्षातील नोंदवहीच्या संबंधित पानांची आणि नष्ट केलेल्या अभिलेखांच्या यादीची पाहणी मागावी, कारण अधिनियमात अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा हक्क आहे, आणि काय आहे हे कळल्याखेरीज काय मागावे हे ठरत नाही. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पुढील तीस दिवसांत प्रथम अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो योग्य कार्यालयाकडे पाच दिवसांत पाठविणे ही त्या कार्यालयाची जबाबदारी असते.

सरकारी कार्यालयांत कागदांचे वर्गीकरण अ, ब, क, क-१ व ड असे होते. अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षांसाठी, क दहा, क-१ पाच आणि ड एक वर्षासाठी जतन केला जातो. ‘अभिलेख आढळून येत नाही’ असे उत्तर आल्यास तो कागद कोणत्या वर्गाचा होता, त्याची मुदत केव्हा संपली आणि तो नष्ट करण्याचा आदेश कोणत्या दिनांकाचा आहे, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. रीतसर नष्ट झालेला कागद आणि गहाळ झालेला कागद यांत मोठे अंतर आहे, व गहाळ अभिलेखांबाबत महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमात शिक्षेचीही तरतूद आहे. स्वातंत्र्यपूर्व काळातील कागदांसाठी मुंबईतील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागाराचा उपयोग होतो. तेथे महसूल व सार्वजनिक बांधकाम खात्यांचे खंड वर्षनिहाय लावलेले आहेत. शोध घेताना शहापूरसोबत कोळवण हे जुने नावही पाहावे, आणि मोखाडा हा १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये शहापूरचाच पेटा म्हणून नोंदलेला असल्याने तो विसरू नये.

गावची नोंदवही

नोंदवही एकच, जाड कागदाची, पाने क्रमांकित केलेली असावी. प्रत्येक ओळीत साखळी क्रमांक, त्या जागेवरील बांधकाम, जुना सर्व्हे क्रमांक, नवा गट क्रमांक, संपादित क्षेत्र, निवाड्याचा क्रमांक व दिनांक, कमी-जास्त पत्रक, फेरफार क्रमांक आणि शेवटी पुराव्याचा दर्जा हे रकाने ठेवावेत. पुराव्याचा दर्जा म्हणजे मूळ कागद पाहिला, प्रमाणित प्रत मिळाली, केवळ छायाप्रत आहे, की माहिती तोंडी आहे, हे प्रामाणिकपणे लिहिणे. हा शेवटचा रकाना पुष्कळ नोंदींत नसतो आणि त्याच्या अभावी सगळी वही संशयास्पद ठरते. तोंडी माहितीही आवर्जून घ्यावी: पाटकरी, म्हणजे पाणी सोडण्या-अडविण्याचे काम करणारा कर्मचारी, कालवा खणताना कामावर असलेल्या बायका-पुरुष, आणि पाणीपट्टीची पावती जपून ठेवलेले शेतकरी, यांना माहीत असलेली कित्येक ठिकाणे नकाशावर येतच नाहीत. मात्र सांगणाऱ्याची परवानगी, सांगितल्याचा दिनांक आणि कोणत्या जागी उभे राहून सांगितले हे त्याच पानावर असावे.

भरपूर पावसाच्या या मुलखात कागद टिकविणे हेच एक स्वतंत्र काम आहे. जुन्या कागदांना प्लास्टिकचे लॅमिनेशन करू नये व चिकटपट्टी लावू नये. दोन्हींमुळे कागदाची कायमची हानी होते. टाचण्या गंजतात म्हणून काढाव्यात. अमोनिया प्रतीचे नकाशे उजेडात फिके पडतात, त्यामुळे ते गुंडाळी करून अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावेत आणि त्यांची छायाचित्रे शक्य तितक्या लवकर, कडेला मोजपट्टी ठेवून, घ्यावीत. छायाचित्राच्या फाईलला गाव, साखळी क्रमांक व कागदाचा दिनांक असे नाव द्यावे. बांधकामाच्या काळाचा स्वतंत्र पडताळा हवा असल्यास १९७२ पासूनच्या लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमा विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि जलाशयासारखी मोठी बांधकामे त्यांत कोणत्या वर्षी प्रथम दिसू लागली ते पाहता येते; अरुंद वितरिका मात्र त्यांत ओळखू येत नाहीत.

जे प्रकल्प अजून उभे राहिलेले नाहीत त्यांचे कागदही याच वहीत, स्वतंत्र विभागात, लावावेत. मुरबाड तालुक्यातील काळू नदीवरील धरणाचे काम २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले. तेथील गावांनी अधिसूचना, ग्रामसभांचे ठराव, मोजणीच्या नोटिसा, वनविभागाचा पत्रव्यवहार आणि न्यायालयाचे आदेश दिनांकानुसार लावून, त्यांची एक प्रत ग्रामपंचायतीत व दुसरी गावाबाहेरच्या एखाद्या ग्रंथालयात ठेवावी, आणि दर वर्षी १ मेच्या ग्रामसभेत वहीत पडलेल्या नव्या नोंदी वाचून दाखवून त्यांचा उल्लेख इतिवृत्तात करून घ्यावा.